जागेवरचा दगड बोलतो



माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यावा, हे मी गेली तीसएक वर्षे गावोगाव सांगत आलो आहे. शेतात नागमोडी फिरावे, ठिकठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यावा, कडेची माती खरवडून घमेल्यात गोळा करावी, ती चांगली मिसळावी, तिचे चार भाग करावेत आणि समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत. असे करत शेवटी अर्धा किलो माती उरली की ती कापडी पिशवीत भरावी. हे सारे मंडळी नीट करतात. विसरतात ते एकच, आणि ते म्हणजे पिशवीत चिठ्ठी टाकायला. गट नंबर नाही, नाव नाही, कोणत्या शेतातली, किती खोलीवरची, काही नाही. प्रयोगशाळेत अशी पिशवी आली की तिथला माणूस ती बाजूला ठेवून देतो. माती तीच असते, तिच्यातला नत्र, स्फुरद, पालाशही तोच असतो. पण ती कुठली हेच ठाऊक नसेल तर त्या आकड्यांचा उपयोग कोणाला?

आज मी आपल्याला अशाच एका वस्तूची हकीकत सांगणार आहे. तिची चिठ्ठी हरवली, आणि ती पुन्हा सापडेपर्यंत शेकडो वर्षे गेली. वस्तू आहे चीन देशातली. भाताचे पीक माणसाने कसे आपलेसे केले याविषयी वाचत असताना माझी तिच्याशी गाठ पडली. पण त्याआधी माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो, म्हणजे ही हकीकत मी का सांगत आहे ते कळेल.

पांढरीची माती

नोकरीला लागून मला दोनेक वर्षे झाली होती. एका गावी ओढ्याकाठी पांढरीचे टेकाड होते. आपल्याकडे जुन्या वस्तीच्या जागेला पांढर म्हणतात, हे आपण जाणताच. राख, शेण, हाडे कुजून तिथली माती भुसभुशीत झालेली असते, म्हणून लोक ती गाड्या भरभरून शेतात टाकतात. त्या दिवशीही गाड्या भरणे चालू होते आणि मी मातीचे नमुने घ्यायला गेलो होतो. कुदळ लागून एक मडके फुटले. त्यात लाल दगडाचे मणी निघाले आणि तांब्याची हिरवी पडलेली कडी निघाली. घरच्या म्हातारीने ती कडी चिंच-मीठ लावून लखलखीत घासली. आठ दिवसांनी बाजारच्या दिवशी ती मोडीत गेली. किलोच्या भावाने. मणी पोरांनी वाटून घेतले.

मी तिथे उभा होतो. मातीच्या थरांचे शिक्षण घेतलेला बी. एस्‌सी. (कृषी) झालेला माणूस! मी त्या टेकाडाच्या मातीचा सामू मोजला, आणि मडके कोणत्या थरात होते हे मात्र पाहिलेसुद्धा नाही. कोणाला कळवले नाही, कोणाला थांबवले नाही. आज तिथे टेकाड नाही. ते कोणाचे गाव होते, ती माणसे काय पेरत होती, हे आता कधीच कळणार नाही. ही रुखरुख अजून जात नाही.

त्सुंग म्हणजे काय?

आता चीनकडे वळू. जेड नावाचा एक दगड आहे. चिनी लोकांना तो सोन्याहून प्यारा. या नावाने दोन वेगवेगळे दगड ओळखले जातात, नेफ्राइट आणि जेडाइट. प्राचीन चीनमधल्या वस्तू नेफ्राइटच्या असत. तो हिरवट, पिवळसर किंवा पांढरा असतो. त्याच्या आत बारीक तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे तो अतिशय चिवट असतो. घाव घातला तरी सहजी फुटत नाही आणि पोलादी चाकूने त्याच्यावर ओरखडाही उठत नाही.

या दगडाची एक वस्तू आहे, तिला चिनी भाषेत त्सुंग म्हणतात. आपले चौकोनी दगडी उखळ डोळ्यांपुढे आणा, आणि त्याला तळ नाही, भोक आरपार आहे असे समजा, की झाली त्सुंग. बाहेरून चौकोनी, आतून गोल. काही त्सुंगा बसक्या आणि रुंद असतात, तर काही दीड फूट उंच असून त्यांवर उसाच्या कांड्यांसारखे आडवे टप्पे असतात. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांवर डोळे, नाक, तोंड अशी मुद्रा कोरलेली असते.

आजवर सापडलेल्यांपैकी सर्वांत मोठी म्हणून जिला 'त्सुंगांची राणी' म्हणता येईल, ती १९८६ साली झेजियांग प्रांतात हांगझोऊ शहराजवळ फानशान येथे बारा नंबरच्या कबरीत सापडली. उंची ८.९ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम चार-पाच बोटे. रुंदी सुमारे साडेसतरा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरालाही थोडी कमी. आणि वजन साडेसहा किलो. तिच्यावर एक लहानशी आकृती पुन्हा पुन्हा कोरलेली आहे: डोक्यावर पिसांचा मोठा टोप घातलेला माणूस, आणि त्याच्या खाली मोठ्या गोल डोळ्यांचा प्राणी. सारी आकृती आगपेटीएवढीसुद्धा नाही, पण रेषा इतक्या बारीक की एका मिलिमीटरात कित्येक बसतात. भिंग घेतल्याशिवाय त्या मोजता येत नाहीत.

आणि हे काम झाले तेव्हा तिथे लोखंड तर सोडाच, तांब्याची हत्यारेही वापरात नव्हती. मग एवढा चिवट दगड कापला कशाने? वाळूने! गारेची वाळू जेडपेक्षा थोडी अधिक कठीण असते. दोरीला ओली वाळू लावून ती दगडावर दिवसेंदिवस पुढेमागे ओढायची. भोक पाडायला पोकळ नळी घेऊन वाळू आणि पाणी घालत ती फिरवत राहायची. एका बाजूने निम्मे भोक, दुसऱ्या बाजूने निम्मे. दोन्ही भोके नेमकी समोरासमोर येत नसत, म्हणून आत मधोमध एक बारीक कंगोरा राहून जाई. तो आजही बोटाला लागतो. असे एकेक काम उरकायला किती महिने लागत असतील याचा आपणच विचार करावा.

भातावर उभे राहिलेले शहर

एवढ्या कारागिरांना बसून खायला कोण घालत होते? उत्तर आपल्या ओळखीचे आहे. शेतकरी.

ज्या लोकांनी या त्सुंगा घडवल्या, त्यांना त्या भागातल्या एका गावावरून लियांगझू संस्कृतीचे लोक म्हणतात. यांगत्से नदीच्या मुखाकडच्या सखल, दलदलीच्या मुलखात इसवी सन पूर्व ३३०० ते २३०० या काळात ते नांदत होते. पीक भाताचे. माओशान येथे त्यांची बांध घातलेली खाचरे आणि पाण्याचे पाट उघडकीस आले आहेत. नांगराचे फाळ दगडाचे, त्रिकोणी आकाराचे; काही तर तीन तुकडे जोडून केलेले.

त्यांच्या मुख्य शहराचा तट २००७ साली ओळखता आला. तटाच्या आतले क्षेत्र सुमारे तीनशे हेक्टर, म्हणजे साडेसातशे एकरांच्या घरात. शहराच्या मधोमध माणसांनी माती टाकून उंच केलेला चौथरा. त्याच्या जवळपास जळून कोळसा झालेल्या भाताचे ढीग मिळाले. एका ठिकाणचा भात जवळजवळ दोन लाख किलो भरला असता, असा संशोधकांचा अंदाज आहे. आणि गंमत अशी की तटाच्या आत भाताचे शेत एकही सापडले नाही. म्हणजे धान्य सारे बाहेरच्या खेड्यांतून येत होते. शहर बसून खात होते आणि खेडे पिकवत होते, ही रीत पाच हजार वर्षांपूर्वीही होती म्हणायची!

त्याहून नवल वाटते ते त्यांच्या बंधाऱ्यांचे. शहराच्या उत्तरेला आणि पश्चिमेला त्यांनी एकूण अकरा बंधारे घातले होते. डोंगरातून येणारे पाणी अडवायचे, साठवायचे आणि पुरापासून शहर वाचवायचे, असा बेत. आपण जशी वाळूची पोती रचतो, तसे त्यांनी चिखलाचे गोळे लांब गवतात गुंडाळून, बांधून, थरावर थर रचले. त्या गवताच्या काड्या चिखलात राहिल्या, म्हणून त्यांच्यावरूनच बंधाऱ्यांचे वय काढता आले. ते निघाले सुमारे पाच हजार वर्षे.

एवढे करूनही शेवटी पाण्यानेच घात केला असावा. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीनमधील गुहांतल्या चुनखडीच्या खांबांचे थर तपासले गेले. साधारण ४३०० वर्षांपूर्वी त्या भागात फार मोठ्या पावसाचा काळ येऊन गेला, असे त्यातून दिसते. शहराच्या अवशेषांवर पुराच्या गाळाचा थर आहेच. माणसे पांगली. त्सुंगा कबरींत राहिल्या, आणि त्यांच्यावर पुढल्या लोकांनी शेती केली.

बादशहाने उलटी धरली

इथून पुढे सुरू होते ती त्सुंग गोळा करणाऱ्यांची कथा.

ही हौस आजकालची नाही. २००१ साली चीनच्या पश्चिमेकडील छंगदू शहरात बांधकामाच्या वेळी जिनशा हे प्राचीन ठिकाण उजेडात आले. ते साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचे. तिथे पूजेच्या जागी लियांगझू घडणीची दहा टप्प्यांची त्सुंग मिळाली. तिची उंची बावीस सेंटिमीटर. म्हणजे घडवल्यानंतर हजारावर वर्षांनी आणि दीड हजार किलोमीटर दूर कोणीतरी ती जपून ठेवली होती आणि देवाला वाहिली होती. वाटेत ती किती हातांतून गेली असेल!

पुढे बाराव्या-तेराव्या शतकांत दक्षिण सुंग घराण्याची राजधानी नेमकी हांगझोऊला होती, लियांगझूच्या अगदी शेजारी. त्या काळात जुन्या त्सुंगांच्या आकाराच्या, हिरवट झिलईच्या चिनी मातीच्या फुलदाण्या भट्ट्यांतून निघू लागल्या. आकार माणसांच्या डोळ्यांपुढे होता. अर्थ मात्र हरवला होता.

अठराव्या शतकात गादीवर आला छ्यानलुंग बादशहा. त्याने १७३५ ते १७९६ अशी साठ वर्षे राज्य केले. जुन्या वस्तू जमवण्याचा त्याला विलक्षण नाद, आणि कविता करण्याचाही. त्याच्या नावावर चाळीस हजारांवर कविता आहेत. आवडली वस्तू की कर तिच्यावर कविता, आणि दे कारागिराकडे कोरायला, असा खाक्या. त्याच्या संग्रहात पुष्कळ त्सुंगा होत्या. पण ही आहे काय वस्तू? बादशहाने ठरवले की पालखीच्या किंवा रथाच्या दांड्याच्या टोकाला बसवायचे हे टोपण असणार. काही त्सुंगांच्या आत त्याने धातूचे भांडे बसवून घेतले आणि त्यांची फुलदाणी केली.

उंच त्सुंग वरच्या बाजूला रुंद आणि खाली निमुळती असते. बादशहाला वाटले, रुंद बाजू हाच पाया. त्याने ती पालथी ठेवली आणि त्या स्थितीत तिच्यावर कविता कोरून घेतली. आज तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात अशी त्सुंग आहे. ती नीट उभी केली की बादशहाची कविता डोक्यावर उभी राहते, आणि कविता वाचायची तर त्सुंग उलटी करावी लागते!

हसू येते खरे, पण बादशहाला तरी काय दोष द्यावा? देशातले सारे पंडित त्याच्या दरबारात होते, ग्रंथांचे ढीग होते, वस्तू हातात होती. नव्हती ती फक्त चिठ्ठी. कोणत्या गावच्या, कोणत्या शेतातून, किती खोलीवरून, कोणाच्या शेजारी ती निघाली, हे आणून देणाऱ्या व्यापाऱ्याने सांगितले नव्हते.

नाव मिळाले, वय चुकले

१८८९ साली वू दाचेंग या विद्वान अधिकाऱ्याने जुन्या जेडवस्तूंची चित्रे देऊन एक पुस्तक छापले. झोऊ काळातल्या विधींविषयीच्या प्राचीन ग्रंथात आकाशासाठी 'बी' नावाचे जेडचे गोल चक्र आणि पृथ्वीसाठी 'त्सुंग' वाहण्याचा उल्लेख आहे. वूने या चौकोनी वस्तूशी ते नाव जुळवले. नाव तर मिळाले. पण त्या ग्रंथामुळे सर्वांची समजूत झाली की या वस्तू झोऊ काळातल्या, म्हणजे फार तर तीन हजार वर्षांपूर्वीच्या आहेत.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनमधले राजघराणे गेले, धामधूम माजली आणि जुन्या वस्तूंचा बाजार तेजीत आला. शांघायच्या व्यापाऱ्यांमार्फत जेड परदेशी जाऊ लागले. शिकागोच्या संग्रहालयासाठी बर्थोल्ड लाउफर यांनी चीनमधून वस्तू नेल्या आणि १९१२ साली जेडवर मोठा ग्रंथ लिहिला. डेट्रॉइटला रेल्वेचे डबे बनवून श्रीमंत झालेले चार्ल्स लँग फ्रीर यांनी घेतलेल्या जेडवस्तू वॉशिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयातही उत्तमोत्तम त्सुंगा आहेत. या सगळ्यांवर पाट्या लागल्या त्या झोऊ काळाच्या. जवळजवळ दोन हजार वर्षांची चूक!

व्यापारीही काही कमी नव्हते. जमिनीत हजारो वर्षे राहून नेफ्राइटचा रंग जातो आणि तो कोंबडीच्या हाडासारखा पांढरा पडतो. गिऱ्हाइकाला तकाकी हवी, म्हणून तो चोळून चोळून चकचकीत करायचे. नवी वस्तू जुनी भासावी म्हणून तिला रंग चढवायचे. चिंच लावून घासलेली ती तांब्याची कडी मला इथे आठवतात. घासल्याने वस्तू चमकते, पण तिच्यावरचा काळाचा लेप जातो.

खेड्यातला पोरगा आणि गवती वहाणांची टेकडी

ज्या लियांगझू गावाच्या शिवारातून हे जेड निघत होते, तिथलाच एक तरुण होता, शी शिंगंग. हांगझोऊच्या संग्रहालयात तो लहानशा नोकरीवर होता. गावचे लोक जुने जेड खणून विकतात, हे त्याने लहानपणापासून पाहिले होते. १९३६ साली तो आपल्याच गावच्या शिवारात हिंडला, तळ्यांच्या काठाने फिरला आणि काळ्या चकचकीत खापरांचे तुकडे त्याने गोळा केले. जेडच्या नव्हे, खापरांच्या मागे लागला. कारण खापर कोणी विकत नाही, म्हणून ते जागेवर राहते! त्याने रीतसर खोदकाम केले, नोंदी ठेवल्या. तेवढ्यात जपानी फौजा आल्या. युद्धाच्या धामधुमीत १९३८ साली त्याचा अहवाल छापून निघाला आणि १९३९ साली तो आजाराने वारला. तिशीही गाठली नव्हती. आपण पाच हजार वर्षांच्या संस्कृतीचे दार उघडले आहे, हे त्याला कळलेच नाही. त्या संस्कृतीला लियांगझू हे नाव मिळाले ते १९५९ साली.

तरीही त्सुंगचा उलगडा झाला नव्हता. तो झाला १९७३ साली, सूचौ शहराजवळ त्साओश्येशान येथे. या नावाचा अर्थ गवती वहाणांची टेकडी. तिथे १९८ नंबरच्या कबरीत त्सुंग मिळाली, आणि तिच्याशेजारी लियांगझूची मडकी. मडक्यांचे वय ठाऊक होते. एकाच खड्ड्यात, एकाच थरात, हाताच्या अंतरावर दोन्ही! बादशहा, पंडित, व्यापारी आणि श्रीमंत संग्राहक यांना जे दोनशे वर्षांत साधले नाही, ते दोन साध्या मडक्यांनी सांगितले. त्सुंग झोऊ काळाची नव्हे, त्याच्याही फार आधीची. धातू हाती येण्यापूर्वीच्या भातकरी लोकांची. जगभरच्या संग्रहालयांना आपल्या पाट्या बदलाव्या लागल्या. याच टेकडीवर पुढे सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीची भाताची खाचरेही सापडली, हेही आपल्याला सांगून ठेवतो.

मग १९८६ साली फानशान. तिथे एका कारखान्याचे बांधकाम व्हायचे होते, पण आधी खोदून पाहायचे ठरले. अकरा कबरी निघाल्या. एकट्या बारा नंबरच्या कबरीत जेडच्या सहाशेंवर वस्तू. कोणती वस्तू डोक्याशी, कोणती हाताशी, कोणती पायाशी, हे सारे टिपून घेतले गेले. त्यावरून कळले की त्सुंग सर्वांच्या वाट्याला येत नव्हती. ती मोठ्या मानाच्या माणसांजवळच असे.

पुढच्याच वर्षी, १९८७ साली, जवळच्या याओशान टेकडीवर झाडे लावताना गावकऱ्यांना जेड लागले. बातमी फुटली आणि लोक कुदळी घेऊन धावले. सरकारी माणसे पोहोचेपर्यंत एक कबर पार उकरली गेली होती. तिच्यातल्या तीनशेंवर वस्तू नंतर परत मिळवता आल्या. पण त्या कोण कुठे होत्या हे कोण सांगणार? शेजारच्या कबरी आणि तिथला मातीचा चौथरा शास्त्रज्ञांनी नीट खोदला आणि त्या बोलल्या. ही एक कबर मात्र मुकी राहिली. वस्तू मिळाल्या, चिठ्ठी गेली.

जुलै २०१९ मध्ये लियांगझूच्या प्राचीन शहराचे अवशेष जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले. ज्या शिवारातून लोक जेड उकरून विकत होते, ते शिवार पाहायला आज देशोदेशीचे लोक जातात.

आपल्या शिवाराचे काय?

आता आपण म्हणाल, साहेब, चीनच्या दगडाशी आम्हाला काय करायचे? सांगतो.

१९७४ साली आपल्याच अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबाद येथे झाडाचे मूळ खणताना एका गावकऱ्याला काशाच्या चार वस्तू सापडल्या: रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि म्हैस. वजन सगळ्यांचे मिळून साठ किलोंच्या वर. त्या मोडीत गेल्या नाहीत, हे आपल्या सर्वांचे भाग्य. पण त्या रीतसर खोदकामात थरातून निघाल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांच्या वयाविषयी विद्वानांत पुढे वाद झाला. उलट पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे थरावर थर उलगडले. त्यामुळे तिथले शेतकरी कोणते धान्य खात, घरे कशी बांधत, पाण्यासाठी पाट कसा काढत, हे आज सांगता येते.

म्हणून विहीर, शेततळे किंवा घराचा पाया खणताना, अथवा पांढरीची माती उचलताना काही जुने निघाले, तर एवढे करा:

१. काम तिथेच थांबवा. वस्तू उचलू नका. उचलली गेली असल्यास तिची जागा खुंटी ठोकून खूण करा आणि खोली मोजून ठेवा.

२. घासू नका, धुऊ नका. चिंच, लिंबू, राख, काही नको. सोबतची खापरे, हाडे, जळके दाणे फेकू नका. मौल्यवान वस्तूचे वय बहुधा तीच सांगतात.

३. तलाठ्याला कळवा आणि जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्या. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा आहे. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडल्यास तिची लेखी माहिती देणे बंधनकारक आहे.

४. 'कळवले तर सगळे सरकार नेईल' ही भीती अनेकांच्या मनात असते, म्हणून मुद्दाम सांगतो. त्या निधीचा मालक कोणी नाही असे ठरले, तर सापडणाऱ्याचा आणि जमीनमालकाचा त्यात हक्क असतो. वेगळा करार नसल्यास सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक. सरकारने वस्तू घ्यायची ठरवली तर तिच्या धातूची वा रत्नाची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यावा लागतो. लपवल्यास मात्र हिस्साही जातो आणि वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात.

मंडळी, छ्यानलुंग बादशहाजवळ सत्ता, संपत्ती आणि विद्या यांपैकी कशाची वाण नव्हती. तरी त्याने त्सुंग उलटी धरली. ती सुलटी करायला लागली ती शिवारातली माती आणि दोन मडकी. शिवार तुमच्या ताब्यात आहे. त्यामुळे ज्याची चिठ्ठी कोणी पंडित पुन्हा लिहू शकत नाही, अशा वस्तूचा पहिला साक्षीदार तुम्हीच असता.

त्या गावच्या टेकाडावर आता ऊस आहे. पीक चांगले येते. मी तिकडून जाताना बांधावर थोडा थांबतो. म्हातारी तर कधीच गेली. त्या पोरांपैकी एक आता पन्नाशीकडे झुकलेला कर्ता शेतकरी आहे. परवा तो म्हणाला, "साहेब, एक मणी आईने देव्हाऱ्यात ठेवला होता, अजून आहे." मी तो पाहिला. लाल, गुळगुळीत, सुंदर आहे. पण तो कोणाच्या गळ्यातला, कधीचा, कुठून आलेला, असे त्याने विचारले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. चिठ्ठी लिहायला त्या दिवशी तिथे मीच होतो, आणि मी ती लिहिली नव्हती.